नकाशावरची रेष आणि रक्तातले शिसे

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१५ च्या उन्हाळ्यात एक विचित्र पेच निर्माण झाला होता. नळाच्या पाण्यातून लहान मुलांच्या शरीरात शिसे जात आहे, असे तेथील रहिवासी आणि काही संशोधक कंठशोष करून सांगत होते. मुलांच्या रक्ततपासणीच्या आकडेवारीत चिंता करण्यासारखे काही नाही, असा राज्याच्या आरोग्य खात्याचा निर्वाळा होता. आकडे दोन्ही बाजूंकडे होते आणि ते एकाच शहरातील मुलांचे होते. फरक पडला त्याचे एक मोठे कारण म्हणजे, हे शहर नकाशावर नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचे उत्तर दोघांनी वेगवेगळे गृहीत धरले होते.

रोग आणि पर्यावरण यांचे नाते तपासण्यासाठी आज जगभर भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस वापरली जाते. उपग्रहांची छायाचित्रे, रंगीबेरंगी पडदे आणि क्षणार्धात तयार होणारे नकाशे यांमुळे या तंत्राचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्याचा खरा कस लागतो तो एका अगदी साध्या प्रश्नावर. मोजायचे ते कोणत्या सीमेच्या आत? फ्लिंटमध्ये या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो मुलांचे आरोग्य अवलंबून होते. मुंबई-पुण्याच्या वाचकालाही तो प्रश्न परका वाटू नये.

स्वस्त पाणी

फ्लिंट हे मोटार उद्योगाच्या भरभराटीवर वाढलेले आणि त्याच्या ओहोटीबरोबर खचलेले शहर. त्या वेळी त्याची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाल्याने कारभार राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या हाती होता. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून मिळणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यात आले. हे पाणी अधिक गंज चढविणारे होते. अशा पाण्यात ऑर्थोफॉस्फेटसारखे गंजरोधक द्रव्य मिसळले की नळ्यांच्या आतील बाजूस एक पातळ थर टिकून राहतो आणि धातू पाण्यात उतरत नाही. फ्लिंटमध्ये ते मिसळलेच गेले नाही. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणाऱ्या कित्येक जुन्या नळ्या शिशाच्या होत्या. त्यांतील शिसे पाण्यात उतरू लागले.

पाण्याचा रंग बदलला, वास येऊ लागला, अंगावर पुरळ उठू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यासाठी हे पाणी घेणे थांबविले, कारण सुटे भाग गंजत होते. ज्या पाण्याने लोखंड गंजते ते माणसांना मात्र चालेल, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो, हे सांगणे कठीण आहे. तरीही नागरिकांना पुढे वर्षभर तेच पाणी प्यावे लागले.

शिशाचा धोका असा की तो दिसत नाही. ताप येत नाही, मूल अंथरुणाला खिळत नाही. वाढत्या वयातील मेंदूवर मात्र त्याचा परिणाम होतो. शिकण्याची क्षमता, एकाग्रता, वर्तन यांवर होणारे हे परिणाम पुढे भरून निघत नाहीत. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक इतकी पातळी सुरक्षित, असे कोणतीही वैद्यकीय संस्था म्हणत नाही. त्या काळी अमेरिकेत प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम ही दखल घेण्याची पातळी मानली जात होती. २०२१ मध्ये ती आणखी खाली, ३.५ वर आणली गेली. अशा आजाराचा शोध दवाखान्यातील एकेका रुग्णावरून लागत नाही. अनेक मुलांच्या तपासण्या एकत्र ठेवून पाहिल्या तरच तो उमगतो, आणि एकत्र ठेवायचे म्हटले की कोणाला कोणाबरोबर, हा प्रश्न आलाच.

टपालाचे शहर आणि नळाचे शहर

आपल्याकडे जसा पिन कोड तसा अमेरिकेत झिप कोड. राज्याच्या आरोग्य खात्याने मुलांची विभागणी झिप कोडनुसार केली होती. सोयीच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते, कारण पत्त्यात हा क्रमांक असतोच. परंतु झिप कोड टपाल खात्याने पत्रवाटपाच्या सोयीसाठी आखलेले आहेत. नगरपालिकेच्या हद्दीशी त्यांचा मेळ नाही आणि जलवाहिन्यांच्या जाळ्याशी तर अजिबात नाही. पत्त्यावर फ्लिंट लिहिणाऱ्या घरांपैकी जवळपास एक तृतीयांश घरे प्रत्यक्षात शहराच्या हद्दीबाहेर होती आणि त्यांना फ्लिंट नदीचे पाणी मिळतच नव्हते. ही निर्धोक घरे हिशेबात मिसळली गेली आणि धोक्यातील मुलांचे प्रमाण कागदावर पातळ झाले. दुधात पाणी घालावे तसाच हा प्रकार होता. खात्यातीलच एका विश्लेषणात २०१४ च्या उन्हाळ्यात शिशाची पातळी वाढल्याचे दिसले होते, परंतु उन्हाळ्यात अशी वाढ होतच असते, असे म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले.

हर्ली वैद्यकीय केंद्रातील बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी आपल्या रुग्णालयातील तपासण्यांची नोंद काढून २४ सप्टेंबर २०१५ रोजी पत्रकार परिषदेत मांडली. त्यांचे पहिले गणितही झिप कोडवरच आधारलेले होते. रक्तात अधिक शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेल्याचे त्यातून दिसत होते. राज्याच्या अधिकाऱ्यांनी हे निष्कर्ष तात्काळ खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

यानंतर मिशिगन स्टेट विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर या कामात आले. सॅडलर मूळचे फ्लिंटचेच असल्याने टपालाचे फ्लिंट आणि महापालिकेचे फ्लिंट वेगळे आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक मुलाच्या पत्त्याचे नकाशावरील एका बिंदूत रूपांतर केले. जीआयएसच्या परिभाषेत याला जिओकोडिंग म्हणतात. झिप कोड बाजूला ठेवून, शहराच्या हद्दीत खरोखर राहणारी आणि नदीचे पाणी पिणारी मुले तेवढी वेगळी काढण्यात आली. उन्हाळ्यातील नैसर्गिक वाढीचा आक्षेप उरू नये म्हणून २०१३ व २०१५ या दोन वर्षांतील जानेवारी ते सप्टेंबर हाच काळ तुलनेला घेतला गेला. आता प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. शहराच्या नऊ प्रभागांपैकी ज्या प्रभागांच्या पाण्यात सर्वाधिक शिसे सापडले होते, तेथे ते ४ टक्क्यांवरून थेट १०.६ टक्क्यांवर पोहोचले होते. झिप कोडच्या हिशेबात सर्वांत वाईट भागांसाठी हाच आकडा ६.३ टक्के आला होता. शहराबाहेर, म्हणजे नदीचे पाणी न पोहोचलेल्या भागात, संख्याशास्त्राने दखल घ्यावी अशी वाढ आढळली नाही.

तपासण्या रुग्णालयाच्या दप्तरात आधीपासूनच पडून होत्या. रेषा तेवढी हलली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली. २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरच्या भरपाईला मंजुरी दिली.

प्रभागाकडून घराकडे

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करायला हवी. जीआयएसमध्ये नकाशा एकसंध नसतो. पारदर्शक कागदांची चळत एकावर एक ठेवावी तसे त्यात थर असतात. एका थरावर रस्ते, दुसऱ्यावर जलवाहिन्या, तिसऱ्यावर घरांचे वय, चौथ्यावर रुग्ण. हे थर एकमेकांवर ठेवले की कोणत्या गोष्टी एकाच जागी येतात ते दिसते. जेथे मोजमाप झालेले नाही तेथील मूल्य आजूबाजूच्या मोजमापांवरून अंदाजाने भरण्याचीही सोय असते. सॅडलर यांनीही ती वापरली. मात्र या अंदाजामागे एक गृहीतक असते, ते म्हणजे शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. हवेतील धुळीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरे ठरते. शिशाच्या नळीच्या बाबतीत ठरतेच असे नाही, कारण एका घराची नळी शिशाची आणि शेजारच्या घराची तांब्याची असू शकते.

म्हणूनच नळ्या बदलण्याची वेळ आली तेव्हा प्रभागाचा नकाशाही अपुरा पडला. कोणत्या घराखाली कोणती नळी आहे याची नोंद नगरपालिकेकडे हजारो जुन्या कार्डांवर आणि हाताने भरलेल्या नकाशांवर होती. तीही पुष्कळदा चुकीची. मिशिगन विद्यापीठाच्या फ्लिंट शाखेने हे नकाशे संगणकात उतरविले. जेकब अॅबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ या प्राध्यापकांनी घराचे वय, किंमत, ठिकाण आणि आतापर्यंतच्या खोदकामात सापडलेल्या नळ्या यांवरून प्रत्येक घरासाठी शक्यता वर्तविणारे प्रारूप तयार केले. २०१७ मध्ये त्याच्या आधारे खोदकाम झाले तेव्हा सुमारे ७० टक्के ठिकाणी बदलण्याजोगी नळी सापडली.

पुढे जे झाले ते शहरी राजकारण जवळून पाहणाऱ्याला नवे वाटणार नाही. शेजारच्या घरापुढे खड्डा खणला, माझ्या घरापुढे का नाही, असा सवाल लोक विचारू लागले. ज्या शासनाने दीड वर्ष पाणी सुरक्षित असल्याचे सांगितले, त्याच शासनाचा संगणक आता ‘तुमच्या घराला धोका कमी’ म्हणत होता; त्यावर विश्वास का ठेवावा? २०१८ मध्ये प्रारूप बाजूला ठेवून सरसकट खोदकाम सुरू झाले. दहा हजारांहून अधिक खड्डे खणले गेले आणि केवळ १५ टक्क्यांच्या आसपास ठिकाणी नळ्या बदलाव्या लागल्या. २०१९ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर प्रारूप परत आणले गेले. लोकांच्या शंकेला वेडगळ म्हणता येत नाही. परंतु त्या वर्षी ज्या घरांखाली खरोखर शिसे होते, त्यांतील कित्येकांची पाळी लांबली.

लंडनच्या दक्षिणेकडे

आरोग्य आणि नकाशा हा विषय निघाला की डॉ. जॉन स्नो यांचे नाव येतेच. लंडनच्या सोहो भागातील १८५४ ची पटकीची साथ, ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंप, त्याभोवती दाटलेल्या मृत्यूंच्या खुणा आणि ८ सप्टेंबर रोजी काढलेला पंपाचा दांडा, ही कथा अनेक वाचकांना ठाऊक असेल. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, त्याच साथीचा नकाशा मलनिःसारण आयोगाचे अभियंता एडमंड कूपर यांनीही काढला होता. लोकांचा रोष गटारांवर होता आणि दोष गटारांचा नाही हे दाखविणे कूपर यांना भाग होते. त्यांच्या नकाशानेही ते दाखविले. मृत्यू तेच, गल्ल्या त्याच; पण प्रश्न वेगळा होता. स्नो यांना पाण्याचा संशय आधीपासून होता, म्हणून त्यांनी पंप काढून दाखविले. पंपाजवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार कसे वाचले आणि जवळच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) ५३५ जणांपैकी फक्त ५ का दगावले, हे जाऊन विचारले. कारखान्यात बिअर प्यायली जात होती आणि गरीबगृहाची स्वतःची विहीर होती.

प्रस्तुत लेखकाच्या मते स्नो यांचे अधिक मोलाचे काम सोहोत झालेच नाही. ते थेम्सच्या दक्षिणेला झाले. तेथे दोन खासगी कंपन्या एकाच रस्त्यावर पाणी पुरवीत होत्या. एका घराला एकीचे, शेजारच्या घराला दुसरीचे. लँबेथ कंपनी १८५२ पासून नदीच्या वरच्या बाजूने, शहराची घाण मिसळण्यापूर्वीचे पाणी उचलत होती. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसी येथून गढूळ पाणी घेत होती. नुसत्या नकाशावर हा भेद दिसणे शक्य नव्हते. स्नो घरोघर फिरले. बऱ्याच भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे हे सांगता येईना, तेव्हा त्यांनी पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासले. बॅटरसीजवळ भरतीचे पाणी पोहोचत असल्याने एका कंपनीचे पाणी दुसरीच्या सुमारे ४० पट खारट होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, लँबेथच्या ग्राहकांत ३७.

आपले वॉर्ड

आता मुंबईकडे येऊ. ‘अमुक वॉर्डात सर्वाधिक रुग्ण’ हा मथळा आपल्या परिचयाचा आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार डोंगरी-मांडवीच्या बी वॉर्डाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती आणि मालाडच्या पी-उत्तर वॉर्डाची नऊ लाखांहून अधिक. अशा दोन वॉर्डांतील रुग्णसंख्या शेजारी मांडली तर ती लोकसंख्येचाच नकाशा दाखविते, रोगाचा नव्हे. त्याहून गंभीर बाब वॉर्डाच्या पोटात दडलेली असते. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, मुंबईच्या एफ-उत्तर, एम-पश्चिम आणि आर-उत्तर या तीन वॉर्डांत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. त्याच वॉर्डांतील इमारतींत १६ टक्के. वॉर्डनिहाय एकच सरासरी काढली असती तर ती वस्तीतल्या माणसालाही लागू पडली नसती आणि इमारतीतल्याही. जी-उत्तर वॉर्डात त्या काळात धारावी, दादर आणि माहीम यांचे आकडे वेगवेगळे जाहीर होत होते. एरवी कोरड्या वाटणाऱ्या त्या तीन ओळींनी साथीचे पुष्कळसे चित्र वाचकांपुढे ठेवले.

पुण्याचा अनुभव तर आणखी ताजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेथे गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढू लागले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतील शक्ती जाते आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्रणेवर ठेवावे लागते. पोटाच्या संसर्गानंतर तो उद्भवू शकतो. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. शासनाच्या दैनंदिन माहितीत पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावे, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भाग अशी विभागणी असे, आणि सर्वाधिक रुग्ण या समाविष्ट गावांच्या रकान्यात होते. सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसराकडे आणि तेथील एका मोठ्या विहिरीच्या पाण्याकडे लक्ष वेधले गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. समाविष्ट गावांचा रकाना वेगळा नसता, तर लाखोंच्या महापालिकेत हे रुग्ण विखुरलेले वाटले असते.

नकाशाने परिसर दाखविला, परंतु त्यापुढे तोही थांबतो. एखाद्या भागात रुग्ण जास्त आहेत म्हणून तेथील प्रत्येक घर धोक्यात आहे, असे होत नाही. माणूस राहतो एका ठिकाणी आणि दिवसभर पाणी पितो, श्वास घेतो दुसऱ्याच ठिकाणी. घरनिहाय बिंदू उघडपणे छापले तर रुग्णाची ओळख पटते, आणि मग शेजारी काय करतात याचा अनुभव करोनाच्या काळात अनेक सोसायट्यांनी दिलेला आहे. म्हणून बिंदू तपासणाऱ्याकडे राहावेत आणि लोकांपुढे नकाशा थोड्या मोठ्या क्षेत्राचा यावा, असा संकेत पाळला जातो. ते क्षेत्र कोणते घ्यावे, हा निर्णय मात्र पुन्हा कोणाला तरी करावाच लागतो. पाण्याचा रोग असेल तर वॉर्डापेक्षा जलकुंभाचे पुरवठाक्षेत्र धरणे केव्हाही अधिक शहाणपणाचे.

सिंहगड रस्त्यावर तेवढ्यानेही भागले नाही. महापालिकेला खासगी आरओ प्रकल्पांच्या आणि टँकरच्या पाण्याचेही नमुने तपासावे लागले. काही प्रकल्प बंद करण्यात आले. एकाच सोसायटीत एका बिऱ्हाडाला नळाचे पाणी, दुसऱ्याकडे टँकरचे आणि तिसऱ्याच्या दारात रोज सकाळी येणारा वीस लिटरचा जार, ही आपल्या वाढत्या शहरांतील नित्याची स्थिती आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर पत्ता असतो, पिन कोड असतो, मोबाइल क्रमांकही असतो. पाणी कोणाचे पिता, हा रकाना सहसा नसतो. त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्यांना दारोदार जाऊन विचारावे लागते, स्नो यांनी थेम्सच्या दक्षिणेला विचारले तसे. आणि भाड्याने राहणाऱ्या कित्येकांना त्याचे उत्तर आजही देता येत नाही.